अठ्ठेचाळीस आकडी किल्ली

१

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा, की तुमच्या घराचं दार तुम्हाला ओळखतं. तुम्ही समोर उभे राहिलात की ते आपोआप उघडतं, किल्ली लागतच नाही. मग एके दिवशी कुणीतरी त्या दाराची आठवण पुसून टाकतं. आता ते सख्ख्या आईलाही आत घेत नाही. एकच म्हणतं, अठ्ठेचाळीस आकडे सांगा, आणि एकही चुकवू नका.

केली कल्पना? आता त्या दारामागे तुमच्या ताईचं शेवटचं काम अडकून पडलंय, अशी कल्पना करा. ही जरा जड जाते, मला ठाऊक आहे. सहावीतल्या चिऊला ती करावी लागली नाही. तिच्यासमोर ते दार खरंच होतं.

धारच्या जलपरीक्षण केंद्रात, बाटल्यांच्या रांगांमधल्या टेबलावर तिच्या ताईचा, देवश्रीचा, लॅपटॉप उघडा होता. पडदा निळाभोर. त्यावर इंग्रजीत चार ओळी आणि आकडे भरायला आठ रिकामे चौकोन.

"तुला पासवर्ड माहीत आहे म्हणालीस ना?" इंदू टीआयनी विचारलं. आपल्या माळव्यात ठाण्याच्या मोठ्या अधिकाऱ्याला टीआय म्हणतात. ह्या टीआय म्हणजे पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या, खिशात भाजलेले शेंगदाणे ठेवणाऱ्या बाई होत्या.

"माहीत आहे, मॅडम. पण हा पासवर्ड विचारतच नाहीये. वेगळंच काही मागतोय."

"मॅडम राहू दे. मावशी म्हण." इंदूमावशीने मोबाइल काढून त्या निळ्या पडद्याचा फोटो घेतला. "रघुजी, ह्याची रिकव्हरी की, म्हणजे मोठी किल्ली, कुठे मिळेल?"

केंद्राचे प्रमुख रघुजी दाराशी हात बांधून उभे होते. पांढरा शर्ट, पिकलेल्या मिशा, आवाज देवळातल्यासारखा हळू. "देवासच्या मुख्य कचेरीत, मॅडम. तिथे एक डिरेक्टरी आहे. संस्थेच्या प्रत्येक कॉम्प्युटरचा तिच्यात एक कप्पा, आणि कप्प्यात त्याची की. कॉम्प्युटर ज्याच्याकडे, त्याच्या नावाचा कप्पा."

"मग काढा देवश्रीच्या नावाचा."

रघुजींनी मान खाली घातली.

"तेच सांगायचं होतं. ती की तिथे नाही. कीच काय, देवश्रीच्या नावाचा कप्पासुद्धा आता तिथे नाही."

२

काय घडलं होतं ते ऐका. गोष्ट वाईट आहे, पण अर्धवट सांगून ती काही चांगली होणार नाही.

तिरल्याजवळ मुलींचं एक वसतिगृह होतं. तिथल्या विहिरीचं पाणी तपासायला ह्या केंद्रात आलं. केंद्रातून अहवाल गेला, पाणी पिण्यास योग्य. खाली नाव होतं चिऊच्या ताईचं. पुढच्या आठवड्यात वसतिगृहातल्या दोन मुली उलट्या होऊन दगावल्या.

त्यानंतरच्या शनिवारी ताई धरमपुरीला नर्मदेच्या पाण्याचे नमुने घ्यायला गेली आणि परत आली नाही. संध्याकाळी नावाड्यांनी तिला पाण्यातून काढलं.

लोकांनी दोन आणि दोन जोडून टाकले. पोरी मारल्या, मन खायला लागलं, नदीत उडी घेतली. दुकानात, बसस्टँडवर हेच. चिऊच्या वर्गातली गुड्डी तर तोंडावर म्हणाली होती, "तेरी दीदी ने जहर को पानी लिख दिया था ना?" चिऊने तिला उत्तर दिलं नाही. उत्तर त्या लॅपटॉपमध्ये होतं. पाणी तपासायचं यंत्र आपले आकडे थेट ताईच्या लॅपटॉपला देई, दुसरीकडे कुठेच नाही. ताईने खरंच काय पाहिलं होतं, ते फक्त तिथे होतं.

रघुजी चहा सांगायला गेले, तशी इंदूमावशी चिऊच्या शेजारी बसली आणि तिने शेंगदाण्यांची पुडी उघडली.

"काल इंदूरच्या सायबरवाल्या पोराने मला तीनदा समजावलं, तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. तुला एकदाच सांगते. लॅपटॉपच्या आतल्या डिस्कला कुलूप आहे. चोराने डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली, तर त्याला नुसता चिखल दिसेल. मग आपल्याला रोज कसं दिसतं?"

"पासवर्ड टाकल्यावर."

"त्याच्याही आधी. आत एक छोटीशी चिप असते. ती दर वेळी डिस्कला सांगते, घाबरू नको, घर तेच आहे. मग कुलूप उघडतं आणि तुझा पासवर्ड विचारला जातो. ती चिप कुणी पुसली, तर डिस्कला घर अनोळखी वाटतं. मग ती मोठी किल्ली मागते. अठ्ठेचाळीस आकडी."

चिऊने शेंगदाणा हातातच धरला. "म्हणजे चिप आपोआप नाही पुसली जात?"

"कधीमधी जाते. पण मी लॅपटॉपच्या आतल्या सेटिंगची नोंद पाहिली. ती कुणीतरी हाताने पुसली आहे." मावशीने आवाज उतरवला. "रविवारी. आणि तुझी ताई शनिवारीच गेली होती."

३

रघुजींनी सगळं नीट, सावकाश सांगितलं. ते ताईच्या लग्नाला आले होते, दोन्ही घरांना ओळखत होते. चिऊच्या डोक्यावरून हात फिरवून ते म्हणाले, "बेटा, तू बाहेर खेळायला जातेस का?"

"मी खेळत नाहीये," चिऊ म्हणाली आणि बसून राहिली.

"देवश्री चांगली मुलगी होती," रघुजी म्हणाले. "पण चूक कुणाच्याही हातून होते. त्या मुली गेल्या तेव्हापासून ती हरवल्यासारखी वागत होती. मी म्हटलं, पोरी, सुट्टी घे. ऐकलं नाही."

"लॅपटॉप कुठे होता?"

"इथेच, कपाटात. शनिवारी ठेवूनच गेली होती. नदीवर कशाला लागतो?"

"कपाटाला कुलूप?"

"नाही हो. आमच्याकडे कोण चोरणार?"

"आणि डिरेक्टरीतली की?"

रघुजींनी रुमालाने मिशी पुसली. "सोमवारी मी स्वतः पाहिली. म्हटलं, पोलीस मागतीलच. इथल्या कॉम्प्युटरवर डिरेक्टरी उघडली, देवश्रीचा कप्पा उघडला. की होती. आठ गट, सहा-सहा आकड्यांचे. मंगळवारी उतरवून घ्यायला गेलो तर कप्पाच गायब."

"तेव्हाच का नाही उतरवून घेतली?"

"दुखवट्याचा फोन आला, उठलो. माझंच चुकलं."

"काढून कोण टाकू शकतं?"

"डिरेक्टरीचा कारभार देवासच्या चिरागकडे. मी कुणाचं नाव घेणार नाही. पण मुख्य कचेरीने त्याला घरी बसवलंय, सगळे पासवर्ड काढून घेतलेत, ते उगाच नाही."

बाहेर जिन्यावर चिऊ म्हणाली, "मावशी, चिरागभिया असं नाही करणार. त्यानेच तर मला ताईच्या लॅपटॉपवर चित्रं काढायला शिकवलं." भिया म्हणजे आपल्या माळव्यातला दादा.

"चित्र शिकवणारेही खोटं बोलतात गं," इंदूमावशी म्हणाली. "खरं बोलणारेही कधीकधी घाबरून गप्प बसतात. दोन्हींतला फरक कळायला वेळ लागतो. चल, आधी तुझ्या ताईच्या घरी. तिथेही मला एक माणूस पाहायचाय, जो शुक्रवारी बायकोशी मोठ्याने भांडला होता. शेजाऱ्यांनी ऐकलंय."

४

हा माणूस म्हणजे अजेय, चिऊचे जिजाजी. सोफ्यावर बसले होते ते. दाढी वाढलेली. आत माईंनी, म्हणजे ताईच्या सासूबाईंनी, दिव्यात तेल घातलं आणि त्या पदर सावरत येऊन बसल्या.

"भांडण झालं होतं," जिजाजी आपणहून म्हणाले. "ती म्हणाली, तिरल्याचा जो रिपोर्ट गेला तो माझा नाही, मी कलेक्टरकडे जाणार. मी म्हटलं, मोठ्या लोकांशी कशाला वैर घेतेस? गप राहा. ती म्हणाली, दोन पोरी गेल्या, अजेय. मी म्हटलं, तुझ्या बोलण्याने परत येणार आहेत का?" ते थांबले. "हे माझं शेवटचं वाक्य. सकाळी ती निघाली तेव्हा मी मुद्दाम झोपून राहिलो."

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर आणखी काय म्हणाले असते लोक? नवऱ्यानेही हाकललं, म्हणून गेली."

मग चिऊने विचारलं, "माई, ऋतिकाताई निघाली तेव्हा तुम्ही होतात?"

"देवश्री म्हणावं, बाळ," माई हलकेच म्हणाल्या. "लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहिलेलं नाव आहे ते, मी निवडलेलं. ह्या घरात ऋतिका नावाचं कुणी नव्हतं."

"आई, पुरे," जिजाजी म्हणाले.

"माझ्यासाठी ती ऋतिकाताईच आहे," चिऊ म्हणाली. तिचा आवाज चिरकला, पण तिने वाक्य पुरं केलं. "देवासला सगळ्यांसाठी."

इंदूमावशीने माईंकडे पाहिलं. "सकाळचं सांगता?"

"मीच डबा दिला. तिच्या खांद्याला ती काळी बॅग. म्हटलं, डबा आत ठेव. तर म्हणाली, माई, आत लॅपटॉप आहे, तेल सांडेल, हातातच नेते. गेली तशीच."

"लॅपटॉप आत होता? नक्की?"

"मी काय बॅगेत डोकावले? पण तिला खोटं बोलायची काय गरज होती? डबा तर घाटावर सापडला. तुमच्याच शिपायाने आणून दिला ना?"

"डबा सापडला," इंदूमावशी सावकाश म्हणाली. "बॅग नाही सापडली." ती उठली, दारापर्यंत गेली आणि एकदम वळली. "चिऊ, मघाशी काय म्हणालीस? देवासला सगळ्यांसाठी ताई कोण होती?"

"ऋतिका."

"लॅपटॉप तिला लग्नाआधी मिळाला की नंतर?"

"आधी. देवासच्या कचेरीत होती तेव्हा. मग लग्न झालं आणि इकडे बदली झाली."

इंदूमावशीने चष्मा काढून रुमालाने पुसला. तो मुळीच मळलेला नव्हता.

"बाबांना सांग, आजीला आणायला जायचंय ना देवासला? माझ्या जीपमधून चला. आत्ता."

५

देवासला टेकडीच्या पायथ्याशी एका गल्लीत चिराग राहायचा. दार उघडताच समोर पोलीस पाहून त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

"मॅडम, कसम से, मी काही डिलीट नाही केलं. मला तर आता कचेरीत पाय ठेवू देत नाहीत."

"बस खाली. मी विचारते तेवढंच सांग. शाखेतून एखाद्या कॉम्प्युटरचा कप्पा काढता येतो का?"

"येतो ना. मशीन भंगारात गेलं की शाखावाले स्वतःच काढून टाकतात. प्रत्येक शाखेचं एक लॉगिन आहे, सगळे तेच वापरतात. आत काय आहे ते कुणी पाहतसुद्धा नाही. नावावर क्लिक करायचं, काढून टाक म्हणायचं, झालं."

"रघुजींना हे माहीत आहे?"

"त्यांनीच दिवाळीत जुनी मशीनं काढली होती."

चिऊने मावशीकडे पाहिलं. रघुजी तर म्हणाले होते, कारभार देवासकडे.

"आता दुसरं," इंदूमावशी म्हणाली. "ऋतिकाचं लग्न झालं, नाव बदललं, तेव्हा तिच्या लॅपटॉपचं काय केलंस?"

चिरागने मान खाली घातली. तो चटईच्या काड्या उचकटू लागला.

"भिया," चिऊ म्हणाली, "सांग ना. सगळे ताईला वाईट म्हणतायत."

तेव्हा तो बोलला. "कप्प्याचं नुसतं नाव बदलायला हवं होतं. म्हणजे आतली की जागच्या जागी राहते. पण नाव बदलायचं तर आधी साहेबांची मंजुरी, मग कप्पा धारला हलवणं, दोन कामं झाली असती. ताई निघायच्या घाईत होती, मिठाई वाटत होती. मी शॉर्टकट मारला. लॅपटॉप जुन्या कप्प्यातून काढला, देवश्री नावाचा नवा कप्पा केला आणि लॅपटॉप त्याला जोडला."

"आणि की?"

"डिस्कला पहिल्यांदा कुलूप लावताना की आपोआप वर जाते. नंतर कप्पा बदलला तर हाताने पुन्हा पाठवावी लागते. मी नाही पाठवली. उद्या करू म्हटलं. मग विसरलो. हे सांगितलं असतं तर नोकरीच गेली असती. म्हणून गप्प बसलो."

बाळांनो, इथे क्षणभर थांबा आणि स्वतःच विचार करा. नव्या कप्प्यात की कधी गेलीच नव्हती. मग देवश्री नावाचा कप्पा आतून कसा होता?

"रिकामा," चिऊ म्हणाली. "पहिल्या दिवसापासून."

"रिकामा," इंदूमावशी म्हणाली. "मग सोमवारी रघुजींनी त्यात आठ गट पाहिले ते कुठले?"

बाबांनी चिऊचा हात घट्ट धरला.

पण अजून एक प्रश्न उरला होता. तो चिऊने विचारला. "भिया, जुना कप्पा? तो फेकून दिलास?"

६

मुख्य कचेरीच्या प्रमुख बाईंनी इंदूमावशीसमोर चिरागला पुन्हा खुर्चीवर बसवलं. मावशीने मोबाइलमधला निळ्या पडद्याचा फोटो पुढे केला. त्या पडद्यावर आठ चौकोनांच्या वर एक छोटी ओळ होती, कीची ओळखखूण. कोणती की हवी हे लॅपटॉप स्वतःच सांगत असतो. पण आजवर सगळ्यांनी शोधलं होतं ते फक्त देवश्री ह्या नावाने.

चिरागने ती खूण टाकली.

डिरेक्टरीच्या तळाशी, बंद पडलेल्या कॉम्प्युटरांच्या गर्दीत एक कप्पा होता. लग्नापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. त्यावर नाव होतं ऋतिका. आत की होती, आठच्या आठ गट.

चिऊ रडली नाही. फक्त म्हणाली, "मला पाणी द्या कुणीतरी."

दुसऱ्या दिवशी धारच्या केंद्रात इंदूमावशीने रघुजींना लॅपटॉपसमोर बसवलं आणि एक-एक आकडा टाकायला सुरुवात केली. पहिले काही आकडे होईपर्यंत रघुजी शांत होते.

"कुठून आणलेत हे आकडे?" त्यांनी विचारलं.

"जिथे तुम्ही पाहिलं नाहीत तिथून. तुम्ही सोमवारी की पाहिली म्हणालात. त्या कप्प्यात ती कधी नव्हतीच. उघडून पाहिला असतात तर तुम्हाला कळलं असतं. पण तुम्ही न पाहताच काढून टाकलात. बरोबर?"

"चिराग सांगतो ते सगळं खरं धरता का?"

"चिरागला राहू द्या बाजूला. बॅगेचं सांगा. देवश्री घरून लॅपटॉप घेऊन निघाली. डबा घाटावर सापडला. लॅपटॉप तुमच्या कपाटात. धरमपुरीहून धारला तो चालत आला?"

रघुजी खुर्चीच्या हाताकडे पाहू लागले.

"चिप पुसलीत, कारण तुम्हाला वाटलं की सेटिंग पुसली की पासवर्डही पुसला जाईल. उलट लॅपटॉप मोठी किल्ली मागायला लागला. ती किल्ली तुमच्या काही कामाची नव्हती, तिच्यापुढेही पासवर्ड होताच. पण आमच्या हाती लागली तर तुमचा घात होता. म्हणून कप्पा काढलात आणि बोट दाखवलंत चिरागकडे."

रघुजी बोलले तेव्हा त्यांचा आवाज पूर्वीसारखाच हळू होता.

"विहिरीशेजारचं फवारणीच्या औषधांचं गोदाम आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचं आहे. त्यांनी सांगितलं, आकडे जरा सांभाळा, मी महिन्यात गोदाम हलवतो. मला वाटलं, एक महिना. मुली मरतील असं कुणाला वाटलं होतं? शनिवारी मी धरमपुरीला गेलो तो तिला समजवायला. नावाडी जेवायला गेले होते. तिने बॅग पायरीवर ठेवली आणि बाटली भरायला खाली उतरली. शेवाळ होतं. मी ढकललं नाही, मॅडम. देवाशपथ. पाय घसरला."

"मग?"

"तिने हात पुढे केला होता."

"आणि तुम्ही?"

रघुजींनी चिऊकडे पाहिलं, आणि लगेच नजर काढून घेतली.

"मी बॅग उचलली."

बाबा झटकन उठले, पण ते रघुजींपर्यंत पोचले नाहीत. मध्येच भिंतीला टेकून उभे राहिले. इंदूमावशीने शिपायाला खूण केली. रघुजींना नेलं तेव्हा चिऊने तिकडे वळूनही पाहिलं नाही. ती पडद्याकडे पाहत होती. शेवटचा गट टाकून झाला होता, निळा पडदा गेला होता, आणि ओळखीचं पान पासवर्ड विचारत होतं.

"तू टाकतेस?" मावशीने विचारलं. "नाही टाकलास तरी चालेल. इंदूरचं पोर दोन दिवसांत करेल."

"मी टाकते."

तो पासवर्ड काय होता ते मी इथे लिहिणार नाही. पासवर्ड कुणाला सांगायचा नसतो, गोष्टीतसुद्धा.

७

विहिरीचे खरे आकडे तिथे होते. कीटकनाशक, मर्यादेच्या कितीतरी पट. त्याखाली ताईने रघुजींना पाठवलेला निरोपही होता, विहीर आजच बंद करा. तारीख त्या मुली दगावण्याच्या आधीची.

बाबा ते वाचून खाली बसले आणि पहिल्यांदाच मोठ्याने रडले. चिऊ मात्र पान खाली सरकवत राहिली. ताईने तिला तक्ता वाचायला शिकवलं होतं. लाल म्हणजे वाईट. विहिरीनंतर आणखी एक ओळ लाल होती.

"मावशी, हे काय? शुक्रवारचं आहे."

इंदूमावशीने चष्मा वर सरकवला. वसतिगृहाच्या मागच्या वस्तीतला हातपंप. मुली गेल्यावर विहीर बंद पडली, तेव्हापासून सगळी वस्ती त्याच पंपावर पाणी भरत होती. ताईने कुणी न सांगता तिथून बाटली भरून आणली होती. विहिरीचं विष जमिनीखालून तिथवर पोचायला लागलं होतं.

"हे रघुजींनाही माहीत होतं?" बाबांनी विचारलं.

"असणार. त्यासाठीच तर ती कलेक्टरकडे जाणार होती." मावशी फोन कानाला लावून जिन्याकडे धावली. चिऊ तिच्या मागे. "तू कुठे?"

"मी येणार."

"चिऊ, तिथे लोक तुझ्या ताईला काय काय बोलतात, तुला माहीत नाही."

"माहीत आहे," चिऊ म्हणाली. "म्हणूनच येणार."

तिरल्याच्या त्या वस्तीत दुपारचं ऊन तापलं होतं. पंपाभोवती बायका, कळश्या, प्लास्टिकचे डबे. जीप थांबायच्या आत चिऊने उडी मारली आणि धावत जाऊन पंपाचा दांडा दोन्ही हातांनी धरला. दांडा हापसणारी मुलगी तिच्याएवढीच होती. ती दचकून मागे सरली.

"ये क्या कर रही है? छोड़!"

"मत पियो। ये भी खराब है। कुएँ जैसा।"

"किसने बोला?"

"लैब की मैडम ने। जाँच करके।"

बायकांमध्ये एकदम गलका झाला. "वही मैडम? जिसने कुएँ को अच्छा बताया था?" "अब मरने के बाद बता रही है?" कुणीतरी चिऊचा खांदा ओढला. मागून इंदूमावशी ओरडत येत होती, पण गर्दी मध्ये होती. चिऊने दांडा सोडला नाही.

तेवढ्यात गर्दी आपोआप बाजूला झाली. एक बाई पुढे आली. कृश, डोळे खोल गेलेले. डोक्यावर भरलेली कळशी. ती कोण, हे चिऊला कुणी सांगितलं नाही. बाकीच्या बायका ज्या तऱ्हेने गप्प झाल्या, त्यावरून तिला कळलं. दोन मुलींपैकी एकीची आई.

"तू कौन है उसकी?" बाईने विचारलं.

"छोटी बहन।"

"उसने अच्छा लिखा था। मेरी लड़की ने पिया।"

"उसने अच्छा नहीं लिखा था," चिऊ म्हणाली. "उसने लिखा था, कुआँ बंद करो। किसी ने उसका लिखा बदल दिया। फिर वो यहाँ से भी पानी ले गई थी। ये भी खराब निकला। वो बताने जा रही थी। उसको बताने नहीं दिया।"

बाई तिच्याकडे पाहत राहिली. मग तिने डोक्यावरची कळशी उतरवली आणि वाकून आडवी केली. पाणी धुळीत पसरलं, एका क्षणात जमिनीने पिऊन टाकलं.

बाकीच्या कळश्या अजून भरलेल्याच होत्या. कुणी हललं नाही.

तेव्हा चिऊने दांडा सोडला, सगळ्यांत जवळची कळशी दोन्ही हातांनी उचलली आणि तीही रिकामी केली. मग ती पुढच्या कळशीकडे वळली.